दोन थेंबांमधला वेळ

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सास्तूरला घरी राहूनच प्रोग्रामिंगची नोकरी करत होते. डोळ्यात दिवसातून चार वेळा घालायची दोन औषधं होती. पहिल्याचा थेंब टाकला की निदान पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा. कामात बुडाले की मला वेळेचं भान राहत नाही. म्हणून ज्या एडिटरमध्ये मी कोड लिहिते, त्यातच औषधाच्या वेळांचा टायमर लावला. इतक्या वेळानं अमुक फंक्शन चालव, एवढं सांगून ठेवायचं. तोवर आपलं लिहिणं सुरूच राहतं.

माझं फंक्शन घंटी वाजवायचं. पहिल्या दिवशी बारीकसारीक दुरुस्त्या करत मी ती फाईल पुन्हा पुन्हा चालवली. दर वेळी नवा टायमर लागला आणि जुनाही तसाच राहिला, हे ध्यानात आलं नाही. दुपारी एकामागून एक घंट्या वाजायला लागल्या.

"एकच डोळा केलाय गं," अण्णा बाजेवरून म्हणाले. "देवळात बसल्यावानी वाटायलंय."

नवा टायमर लावण्याआधी जुना रद्द करायची ओळ मी घातली. मग थेंबांमधल्या पाच मिनिटांसाठी वेगळा टायमर केला, आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या बाजेशेजारीच बसू लागले. एरवी मोजकंच बोलणारे अण्णा डोळे मिटले की बोलायचे.

"भूकंपानंतर नव्या गावात घर मिळालं, पर बैलांला कोण सांगणार? सांजच्याला कासरा ढिला सोडला की गाडी जुन्या गावाकडं वळायची."

"तुम्ही फिरवत नव्हता?"

"न्हाय. जाऊ द्यायचो. आपल्या दारापुढं थांबायचे. दार कुठलं, नुसते दगड. मी बी बसायचो जरा. तुझी आई..."

घंटी वाजली. मी दुसरा थेंब टाकला. पुढचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी पाचाची दहा मिनिटं केली.

"आज घंटीला लई उशीर," अण्णा म्हणाले.

"मीच वाढवला. तुमचं आईचं सांगायचं राहिलं होतं."



"ती इचारायची, घरी यायला रोज अंधार का होतो? मी म्हणायचो, बैल थकल्यात. एकदा ती बी गाडीत होती. बैल तिकडं वळले तरी काय बोलली न्हाय. दारापुढं उतरली, पदरानं उंबऱ्यावरची माती झाडली, अन् म्हणली, चला आता. मग आमी दोघं जायचो, कडब्याचं निमित्त करून."

"कुठवर?"

"तू झालीस तवर."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"माती नव्हती ती," आई आतून म्हणाली. "चिमण्यांनी केलेला कचरा हुता."

घंटी वाजली तशी ती हात धुऊन बाहेर आली आणि माझ्या हातातली बाटली तिनं घेतली. अंगठ्यानं त्यांची पापणी वर धरून तिनं थेंब टाकला.

"कचरा बी असंल," अण्णा डोळा मिटून म्हणाले.