करवतीची दुसरी पूजा

कोलकात्यात आम्ही ज्या घरी भाड्याने राहतो, त्याच्या मागेच लाकडाची वखार होती. घर आणि वखार दोन्ही एकाच बंगाली गृहस्थांची. ते खाली, आम्ही वर. माझे यजमान खिदिरपूरच्या गोदीवर कस्टम्समध्ये. बदली होऊन आलो तेव्हा मागे काय आहे ते त्यांनी मला मुद्दामच सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी वखारीतली मोठी करवत सुरू झाली आणि मांडणीवरची माझी ताटं थरथरायला लागली. मी ठणकावून सांगितलं, इथे मी एक महिनाही राहणार नाही. अजून तिथेच राहते आहे.

करवत म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारा दातेरी पट्टा. ब्रह्मदेशातून जहाजाने आलेले सागाचे ओंडके तिच्यासमोर ढकलायचे आणि पलीकडे फळ्या निघायच्या. ताज्या भुशाचा वास वर आमच्या पडद्यांना लागायचा. हळूहळू मला त्या आवाजाची सवय झाली. दुपारी तो थांबला की मला झोप लागेना.

पहिल्या वर्षी दुर्गापूजेत वखारीला कुलूप लागलं. खंडेनवमीच्या सकाळी मी विळी, कात्री आणि यजमानांची स्कूटर पुजली, पण मन लागेना. माझे वडील कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला आम्ही पोरं झेंडूच्या माळा घेऊन त्यांच्या यंत्राशी जायचो. आणि इथे एवढं मोठं, घर चालवणारं यंत्र कुलपात, अंधारात! मला ते बघवेना. तशीच खाली गेले. घरमालक, म्हणजे आमचे दादा, कडक इस्त्रीचं धोतर नेसून मंडपात निघाले होते. मला ते बौदी म्हणत, म्हणजे वहिनी.

"दादा, करवतीची पूजा केली?"

"हो गया, बौदी. पिछले महीने, विश्वकर्मा पूजा में ही."

"ती तुमची. आमची आज असते."

ते मला वेडी म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली. मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली आणि आमच्या पद्धतीने फुलाने पाणी शिंपडलं. दादा "अरे अरे, पानी नहीं!" करत धावले आणि त्या कडक इस्त्रीच्या धोतराच्या टोकाने करवतीचे दात एकेक करून पुसत बसले. लोखंड गंजतं हे लेथवाल्याच्या मुलीला सांगावं लागलं, याची मला भारी लाज वाटली. तेव्हापासून दर नवमीला ते माझ्यासाठी कुलूप उघडत, आणि दारातच बजावत, "पानी नहीं, हाँ बौदी." खालून त्यांच्याकडच्या मटणाचा घमघमाट येई, माझा नवरात्राचा उपास असे, म्हणून मला ते संदेश मिठाई पाठवत.

मग ब्रह्मदेशाने गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. कापलेलं लाकूड न्या, ओंडका मिळणार नाही. यजमानांनी चहा पिता पिता ही बातमी दिली आणि वर पटवूनही दिलं: ओंडका विकला तर त्या देशाला एकदाच पैसा मिळतो, फळ्या आणि खुर्च्या विकल्या तर कापणाऱ्यापासून पॉलिशवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हाताला काम मिळतं, आपणही आपले ओंडके बाहेर जाऊ देत नाही. मला संताप आला. खाली बसलेल्या माणसाचा घास जातोय आणि हे शहाणपणाच्या गोष्टी सांगताहेत! पण खाली गेले तर दादाच मान हलवत म्हणाले, "ठीक ही किया. उनका जंगल है."

दुसरीकडून थोडे ओंडके आले, महाग पडले, मग तेही थांबले. माणसं एकेक करून गेली. दादा मात्र रोज सकाळी वखार उघडत, करवतीला तेल देत आणि समोर खुर्ची टाकून बसत. भंगारवाले येऊन वजनाचा अंदाज घेऊन जात. त्या वर्षीच्या नवमीला मी माळ घातली आणि मला रडू आवरेना. बंद पडलेल्या यंत्राची पूजा कधी केली नव्हती. दादांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "भंगार में नहीं दूँगा, बौदी."

काही महिन्यांनी, पूर्वी त्यांना ओंडके पाठवणाऱ्या ब्रह्मदेशातल्या व्यापाऱ्याचा फोन आला. तिकडे ओंडके पडून होते आणि नीट कापायला यंत्रं नव्हती. इथे यंत्र पडून होतं आणि ओंडके नव्हते. त्याला करवत हवी होती, आणि ती बसवून माणसं तयार करायला दादाही हवे होते.

"ज्यांनी तुमचं काम बंद पाडलं त्यांनाच द्यायची?" मी फणकारले.

"यहाँ रहेगी तो मर जाएगी," एवढंच ते म्हणाले.

ज्या गोदीत ओंडके उतरत, तिथूनच करवत गेली. निघताना मी दादांच्या हातात हळदकुंकवाची पुडी ठेवली. म्हातारा माणूस, परका मुलूख, पुडी कुठेतरी पडून राहील असं धरूनच चालले होते.

नवमी आली. मी विळी, कात्री पुजली. मागच्या रिकाम्या शेडकडे बघायचं नाही असं ठरवून खिडकी लावून घेतली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर दादा होते, आणि त्यांच्या मागे करवत चालू होती. तिकडे सुट्टी नव्हती. त्यांनी हात वर केला, करवत थांबली, आणि कामावरची माणसं बुचकळ्यात पडून भोवती उभी राहिली. दादांनी खिशातून माझी पुडी काढली, चाकाला बोट टेकवून हळद लावली, कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पानी नहीं, हाँ बौदी."

मी मान हलवली.

"अब चलाऊँ?"

करवत सुरू झाली. तोच आवाज. मी फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने मांडणीकडे पाहिलं. ताटं जागच्या जागी होती, जरासुद्धा हलली नाहीत.