सगुणाबाईने पाहिलेली दमणी

कळव्याच्या खाडीकाठी काळुराम सुतार बैलगाड्यांची चाकं करी. त्याची बायको लवकर गेली, म्हणून धाकटी सगुणा दिवसभर बापाच्या कामाजवळच वाढली. तापलेली लोखंडी धाव चाकावर बसवली की पाणी ओतायचं काम तिचं. थोरला महिपत तेव्हा आगगाडीच्या कारखान्यात नोकरीला होता. बापाच्या हाताखाली खरं शिकली ती सगुणाच.

बाळकुमच्या भिवाशी तिचं लग्न झालं. भिवा मिठागरातलं मीठ गाडीने वाहायचा. त्याने पहिली जुनी गाडी घेतली ती बायकोने पाहिल्यावर, आणि ती अकरा वर्षं चालली. मग बाळकुमात कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी ती सगुणाबाईच्या अंगणात आणून उभी करी. ती पदर खोचून गाडीखाली वाकायची आणि काय असेल ते सांगायची. पसंत नसेल तर नुसती मान हलवून घरात जायची.

अठराशे सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ठाण्याच्या कचेरीतले कारकून गोपीनाथपंत तिच्याकडे आले. त्यांना घरच्यांसाठी दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, हवी होती. त्यांच्या आईचं माहेर आंबिवलीपलीकडे आडगावात होतं, आणि म्हातारीला उघड्या गाडीतले हिसके सोसत नव्हते.

"कल्याणात एक बरी आहे म्हणतात. छत असलेली, दोन माणसांच्या गादीची. तुम्ही येऊन पाहाल का?"

"कुनाची हाय?"

"महिपत सुताराची."

महिपत आता नोकरी सोडून कल्याणात जुन्या गाड्या दुरुस्त करून विकत होता.

"पंत, तो माझा सख्खा भाऊ. दुसऱ्या कुनाला न्या."

"म्हणूनच तुम्ही या. भावाची वस्तू तुम्हाला ठाऊक असणार."

भिवाला घेऊन ती पंतांबरोबर आगगाडीने कल्याणला गेली. दमणी वडाखाली उभी होती, दोन्ही चाकं जोडणाऱ्या कण्याला ताजं डांबर, छताला नवं कापड. पंत खूश झाले. सगुणाने चाकाला हात लावला. लाकूड गार होतं, चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत ओल चढलेली.

"दादा, चाकं पान्यात ठेवली होतीस?"

"धुतली. धूळ होती."

"मग उन्हात घे गाडी. तवर आमी जेवतो."

महिपतच्या कपाळावर आठी पडली. "बहिणीचाबी माज्यावर इश्वास नाय?"

"इश्वासाचं नाय रे. ओलं लाकूड फुगतं. सुकल्यावर बगू."

वहिनी शेवंतीने भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. दुपार कलली तेव्हा सगुणाने धावेवर दगड मारून पाहिला. सकाळी घट्ट वाटणारी धाव आता बद्द वाजली. आरे हाताने हलत होते. तिने भिवाला एक चाक काढायला लावलं. तुंब्यात जाणाऱ्या जागी तिने कण्यावरचं डांबर नखाने खरवडलं. खाली लाकडाच्या भुशात कालवलेली लाख होती, आणि लाखेखाली वीतभर चीर.

पंत झाडाखाली पान लावत बसले होते. सगुणा भावाला गोठ्यामागे घेऊन गेली.

"तू सांगतोस का मी सांगू?"

महिपत पाठ फिरवून गोठ्यात शिरला. मग ती पंतांकडे जाऊन म्हणाली, "ही नका घेऊ. कना चिरलाय. भरल्या गाडीत उतारावर मोडंल."

पंत पानाचं साहित्य आवरून उठले. निघताना शेवंतीने सगुणाच्या हातावर गूळ ठेवला. महिपत बाहेर आलाच नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला तो बाळकुमला आला नाही. सगुणाने पाट मांडला होता. दिवस मावळल्यावर तिने तो उचलून ठेवला. भिवा म्हणाला, "तू काय चुकलीस?" ती म्हणाली, "चुकले नाय. पर एकच भाऊ हाय."

पौषात एका दुपारी अंगणासमोर दमणी येऊन थांबली. महिपत कल्याणहून, तरीच्या नावेतून खाडी ओलांडून, ती स्वतः हाकत आला होता. बैल सोडून तो ओट्याच्या कडेला टेकला.

"नवा कना घातलाय, बाभळीचा. चाकं आठ दिस सुकवलीत. बग."

सगुणाने पाणी दिलं, मग पाहायला बसली. भाऊ म्हणून तिने काही सोडलं नाही. जू पाहिलं, बैठकीखालच्या साट्याचे सांधे पाहिले, दोन्ही चाकं काढायला लावली. उजव्या चाकाचा एक आरा तिला खटकला.

"यो बदलावा लागंल."

महिपतने हत्यारं आणलीच होती. आरा तासता तासता तो म्हणाला, "मला बी फसवलं गं कुनीतरी. घेतल्यावर चीर दिसली. घ्यायच्या आधी तुला इचारायचं मनात आलं होतं. पर धाकट्या बहिणीला काय इचारायचं, असं वाटलं."

"इचारलं असतंस तर दोन दिस येऊन राहिले असते. वहिनीच्या हातची भाकर खाल्ली असती."

तो हसला. सगुणा आत गेली आणि चुलीवर भात चढवला.

दमणी गोपीनाथपंतांनीच घेतली. त्यांची आई तिच्यातून माहेरी गेली, पंधरा दिवस राहिली आणि सुखरूप परतली. पुढे महिपत गाडी घेण्याआधी बाळकुमला निरोप धाडू लागला. सगुणा कल्याणला जायची, गाडीखाली वाकायची, आणि काम झाल्यावर शेवंतीपाशी दोन दिवस राहून मगच घरी यायची.