सुटलेली ओळ

आता त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. सन साठच्या आसपास आमच्या बाभुळगावाकडच्या खेड्यात ‘ढ’ म्हणत, आणि ढ म्हटलं की मास्तरांचं काम संपायचं.

मला अक्षरं दिसत नव्हती असं नाही. सगळी दिसत, फक्त जागेवर थांबत नसत. ‘बदक’चं ‘दबक’ व्हायचं, एकाची वेलांटी दुसऱ्यावर जाऊन बसायची. बाकीची मुलं अख्खा शब्द एका नजरेत उचलत. मी पुढचं अक्षर धरेपर्यंत मागचं पळालेलं असे. म्हणून मी कानांनी शिकले. दोनदा ऐकलं की पाठ. संध्याकाळी आमच्या वस्तीत बुद्धवंदना व्हायची, तेव्हा पुस्तिका माझ्याच हातात असे. बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पोरगी वाचते म्हणून तो सगळ्यांत ताठ बसायचा, आणि चौथी पास झाले की मला बाभुळगावला पाचवीत घालणार होता.

चौथीच्या परीक्षेला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले. मी धडा धडाधड म्हटला. त्यांना शंका आली असावी. त्यांनी पान उलटून मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि इथून वाच म्हणाले. मी पुन्हा पहिल्या ओळीपासूनच म्हणू लागले. मास्तर साहेबांकडे बघून हसले.

“धर्म बदलला म्हणून डोकं थोडंच बदलते?”

वर्गही हसला. एका पोरीला वाचता आलं नाही, त्यात अख्ख्या वस्तीचं डोकं काढायचं काय कारण होतं? त्या माणसाचा मला अजून संताप येतो. वर त्यांनी बाला बोलावून घेतलं आणि हिला शेतात निंदणाला लावा म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी बाने पुस्तिका शेजारच्या मुलीला दिली. मी म्हणाले, “बा, मले सारं पाठ हाये.”

“पाठ तं पोपटालेबी असते,” तो म्हणाला. “तुनं मले फसोलं.”

मी कुणाला फसवलं नव्हतं. जमेल तशी शिकले होते. हे त्याला सांगायला तेव्हा शब्द नव्हते. पण त्याने मास्तरांचंच खरं मानलं, म्हणून बाचाही राग आहे, मास्तरांइतकाच.

ती मुलगी अडखळत वाचू लागली आणि मधली एक ओळ गाळून पुढे गेली. मी मागून ती ओळ म्हटली. बाने वळून मला दटावलं. ज्याच्या हातात पुस्तिका त्याचंच खरं.

शाळा उघडली तेव्हा मी वावरात होते, आणि वस्तीत ती ओळ गाळूनच वंदना होत होती.