शेपटीवरचं वजन

कोकणातून लाँगबोर्ड घरी आणला तो टेम्पोच्या टपावर बांधून, वरून पांढरी चादर गुंडाळून. मेढ्याच्या चौकात एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, हात जोडले आणि विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?" मी आधीच वैतागलेलो. म्हटलं, "आवं, कुणी न्हाई गेलं. समुद्रात खेळायची फळी हाय." म्हातारा म्हणाला, "मग पांढरं कशाला गुंडाळलंस रं?" त्याचंही बरोबरच होतं.

मी समुद्रावर सर्फिंग शिकवतो. लांब फळीचं खरं कसब म्हणजे लाट पळत असताना पायावरून पाय ओलांडत पुढच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि पायाची बोटं टोकाबाहेर काढून उभं राहायचं. ज्यानं मला शिकवलं तो सांगायचा, लाटेचं पाणी फळीच्या शेपटीवर चढून बसतं, ते वजन मागं आहे म्हणून तू पुढं उभा आहेस. आणि मागं वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की गेलास. गेल्या हंगामात मी तसाच गेलो आणि फळी डोक्यात बसली. तेव्हापासून मध्यावर आलो की पाय थिजायचे. ज्याचे पाय चालत नाहीत तो दुसऱ्याला काय डोंबल शिकवणार? दसऱ्यानंतर हंगाम उघडायचा. तोवर जमलं नाही तर विट्याच्या मामाबरोबर कोइमतूरला जायचं, त्याच्या गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसून सोनं वितळवायचं, असं घरात ठरून गेलं होतं. त्या भट्टीच्या नुसत्या विचारानं माझा जीव गुदमरायचा.

माझे वडील, आबा, कोयना धरणाच्या पाण्यात लाँच चालवतात. त्यांना म्हटलं, लाँचमागं दोरीनं ओढा, वेग असला की फळी उभ्या माणसाला पेलते, मी चालून बघतो. "नुसता खुळ्याचा बाजार," आबा म्हणाले, पण दोरी त्यांनीच बांधली.

आमचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. लाँच त्या जागेवर आली की इंजिन बंद करायचं आणि उभ्या माणसांनी खाली बसायचं, कारण खाली ग्रामदेवतेचं देऊळ आहे आणि देवाच्या डोक्यावर कुणी उभं राहत नाही. आबांना आणखी एक कारण होतं. धरणाचं पाणी चढत होतं तेव्हा त्यांचा थोरला भाऊ सुटलेलं वासरू आणायला गावात परत गेला, तो आलाच नाही. इंजिन बंद झालं की आबा पाण्याकडं वाकून कान लावून बसतात. काय ऐकता, असं विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

त्या सकाळी वाऱ्याचा मागमूस नव्हता. दोरी धरून मी उभा राहिलो, फळी झकास पळायला लागली, मध्यापर्यंत आलो आणि पाय थिजले. मी माझ्याच पायांना शिव्या घालत होतो. त्या नादात आपण कुठं आलोय ते कळलंच नाही. आबांचा हात सवयीनं गेला आणि इंजिन बंद झालं.

दोरी सैल पडली. आता फळी माझ्यासकट बुडायला हवी होती, पण ती बुडाली नाही. तळातून काहीतरी घुमलं. आमच्याकडं जमीन अधूनमधून हादरते, तसंच असेल. पण त्याबरोबर माझ्यामागं फळीवर कुणीतरी बसलं. होडीत बसतात तसं, जपून, आधी एक पाय मग दुसरा. पुढचं टोक वर आलं. ओल्या घोंगडीचा आणि गुरांचा वास आला. माझी पाचावर धारण बसली आणि पाय चालायला लागले. पुढं, त्याच्यापासून लांब, पायावरून पाय, थेट टोकापर्यंत. बोटं बाहेर काढून मी उभा राहिलो, खाली लाट नसताना. मागं मात्र बघितलं नाही. मग ते वजन उठलं आणि मी पाण्यात पडलो.

आबांनी मला लाँचवर ओढून घेतलं. माझे दात वाजत होते आणि हसूही आवरत नव्हतं. म्हटलं, "आबा, पाय चाललं. मामाला सांगा, मी येत न्हाई."

"वजन मागं हुतं," आबा म्हणाले. "तू म्होरं, आन् शेपूट पाण्यात. मागं कोण बसलं हुतं?"

"न्हाई बघितलं. मागं बघितलं की पडतो माणूस."

आबांनी इंजिन सुरू केलं नाही. पाण्याकडं वाकून कान लावला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पडला आसतास तर मी काडला आसता की रं तुला. एकदा बघायचं हुतंस."