नवमीला परत गेलेली वायर

माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण, दोघींनाही जन्मापासून ऐकू येत नाही. धर्मापुरीकडच्या ज्या वस्तीवर त्या वाढल्या, तिथे ऐकू येणाऱ्या मुलींनाही शाळा नीटशी मिळत नव्हती, मग यांची काय कथा! शेळ्यांमागे हिंडता हिंडता दोघींनी आपापसांत हातांची एक भाषा तयार केली. तिला लिपी नाही, नाव नाही, आणि ती बोलणारी माणसे जगात दोनच. हे एवढे साधे वाक्य कागदावर मांडायला मला निवृत्तीनंतरचीही काही वर्षे लागली, कारण लिहिण्याची सवय मला नव्हती आणि धाडस तर नव्हतेच.

लग्न ठरले तेव्हा मी शिकलेला आणि नोकरीच्या शोधात होतो. परंतु चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. हा मुलगा असाही बोलत नाही, असा हिशोब दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी केला असावा. आमचा संसार मोजक्या खुणांवर आणि ओठांच्या हालचालींवर चालला. मीठ, पाणी, पाहुणे, ताप, मुलांचे कपडे... संसाराला तेवढे पुरते. पण दिवाळीला बहीण आली की माझी पत्नी मला अनोळखी होऊन जाई. दोघी उंबऱ्यात समोरासमोर बसत आणि त्यांचे हात असे चालत, जसे वाऱ्याने पीक हलावे. मध्येच एकीला हसू फुटे. कशाचे, ते मला कधी कळले नाही. विचारले तर पत्नी हात झटकून टाकी. तुम्हाला सांगण्यासारखे नाही, किंवा तुम्हाला सांगता येण्यासारखे नाही, यांपैकी काहीतरी एक.

पुढे बहिणीचे यजमान गेले आणि तिचा मुलगा तिला सुरतेला घेऊन गेला. इकडे पत्नीच्या मणक्याने दगा दिला. लांबच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ मनाई केली. उरला तो मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल. नांदूरघाट गावात आमची गल्ली जरा खोलगट भागात आहे. तिथे फोनवर आवाज कसाबसा पोहोचतो, चित्र मात्र घडोघडी अडकते. ऐकू येणाऱ्यांचे त्याने फारसे बिघडत नाही. चित्र थिजले तरी ‘जेवलीस का’ ऐकू येते. या दोघींचे सगळे बोलणेच चित्रात. बहिणीचा हात कपाळाजवळ थांबून राही, आणि तो पुढे छातीकडे जाणार होता की खांद्याकडे, हे कळायच्या आत भलतीच कुठली तरी खूण समोर येई. पत्नी वैतागून फोन हलवी, जसे काही आत अडकलेले बी खाली पडणार आहे.

गल्लीच्या तोंडाशी एका मुस्लिम मिस्त्रीचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तिथे रेंज बरी मिळते. तो तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवी आणि गिऱ्हाइकांना दटावी, ‘‘ए, तिकडं काय बगतो बे? भाभी बोलतायत. तुझी गाडी हितं हाय.’’ पण रस्त्यावर बसून हात हलवायची तिला लाज वाटे. चारचौघांत तिचे हात अंगाजवळ आखडत, ज्याला आपण कुजबुजणे म्हणतो तसे.

अशातच भाच्याचा फोन आला. बहिणीला नसांचा आजार निघाला होता. आधी बोटे ताठरतील, मग मनगटे; औषधाने वेग कमी होईल, परतीची वाट नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. मी ते पत्नीला माझ्या तुटपुंज्या खुणांनी सांगितले. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि मग एकच गोष्ट विचारली, ती आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. तिने आढ्याकडून भिंतीकडे बोट ओढत आणले. वायर कधी येणार?

फायबर इंटरनेटची बातमी तेव्हा गावात होतीच. पेठेत लागले होते, वेशीपर्यंत आले होते. त्यात चित्र अडकत नाही, हे तिला मिस्त्रीने आपल्या दुकानातल्या पाटीवरून हात सरळ सरकवून समजावले होते. तेव्हापासून ती बहिणीचे हात चालते आहेत तोवर वायर यावी, एवढ्याच एका गोष्टीसाठी दिवस काढीत होती. सकाळी सडा टाकून झाला की गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, खांबांकडे पाहायचे, परत यायचे. मिस्त्री मला म्हणे, ‘‘सर, तुमच्या गल्लीत वायर यायच्या आधी माज्या दुकानात उडायचं इमान येईल दुरुस्तीला.’’ मी हसे. ती माझे हसणे पाहून त्याच्याकडे रागाने बघे.

आणि वायर आली ती नेमकी पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीच्या दिवशी. माझ्या सासूबाई सवाष्ण गेल्या. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांचे श्राद्धाचे पान आमच्याकडे होते. पत्नी पहाटेपासून चुलीपुढे होती. कावळ्याचा घास ठेवायला ती अंगणात आली, तर काळ्या वायरचे वेटोळे घेऊन चार माणसे दारात उभी. वळणावर एक लोखंडी खांब रोवल्याशिवाय वायर आत येणार नव्हती, आणि खांबाची जागा पडत होती आमच्याच अंगणाच्या कडेला. एकाने पहार उचललीही होती.

शेजारची म्हातारी धावत आली. ‘‘अरं बाबांनो, पितरपाटात कुटं खड्डा खांदतेत व्हय? घट बसू द्या की!’’

‘‘आज्जी, आमाला उद्या दुसऱ्या गावाला जायचंय. आमचं काय, कुटंबी खड्डाच खांदायचा.’’ त्यांचा मुकादम घाम पुसत म्हणाला.

‘‘मंग आदी तुज्या दारात खांद!’’

माणसे हसली. मिस्त्री हात पुसत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘सर, तुमच्या घरचं तुमी बगा, पन आलेली लाइन परत धाडू नका. भाभीला तुमी सांगा.’’

मी सांगितले. तिने आधी घासाचे पान जमिनीवर ठेवले, पदराला हात पुसले आणि मुकादमापुढे उभी राहून दोन्ही तळवे उभे धरले. थांबा. मग माझ्याकडे वळून तिने आईची खूण केली, बहिणीची केली, जमीन उकरल्यासारखे केले आणि मान ठामपणे नकारार्थी हलवली. एवढे मला समजले. ज्या वायरची सर्वांत जास्त वाट तिने पाहिली होती, ती तिला आईच्या पानाच्या दिवशी, अशुभात खणलेल्या खड्ड्यातून नको होती. बहिणीशी जोडणारी गोष्ट चांगल्या दिवशीच जोडली पाहिजे, हा तिचा हट्ट होता. मला त्यात हरकत घेण्यासारखे काही दिसले नाही. घटस्थापना आठवड्यावर होती.

‘‘घट बसल्यावर येतो, आई,’’ मुकादम वाकून म्हणाला. त्यांनी उरलेले वेटोळे गल्लीच्या तोंडाच्या खांबाला बांधले आणि ते गेले.

घट बसले, उठले. दसरा झाला. मुकादमाचा फोन आधी लागत होता, मग लागेनासा झाला. कुणी म्हणे ठेकेदार बदलला, कुणी म्हणे मांजरसुंब्याकडचे काम आधी धरले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. खांबावरच्या वेटोळ्यात चिमण्या बसू लागल्या. पत्नी त्याखाली उभी राहून वर पाही. पाठीमुळे पुढे तिचे दुकानापर्यंत जाणेही थांबले, आणि कॉल घरातूनच होऊ लागले, अडकत अडकत.

भाचा मला फोनवर सांगे, ‘‘काका, आईच्या हातात आता घास धरत नाही. मीच भरवतो.’’ मी ते तिला कळवी. ती ऐकून घेई, म्हणजे पाहून घेई, पण मानत नसे. कालच तर कॉल झाला. हात दिसत होता. थांबला तो चित्र थांबल्यामुळे. मोबाइलकडे बोट दाखवून ती हे मला पुन्हा पुन्हा पटवून देई. मी वाद घातला नाही. खरे कोणते, हे त्या पडद्यावर मलाही ठरवता येत नव्हते.

उन्हाळा लागल्यावर एका सकाळी दुसरीच माणसे आली. त्यांनी खांब रोवला, भिंतीला भोक पाडले, आणि दुपारपर्यंत देवळीशेजारी एक पांढरी डबी बसली. पत्नी नवे लुगडे नेसली, तिने डबीला हळदकुंकू लावले आणि खुर्ची तिच्या जवळ ओढून बसली. मी सुरतेला कॉल लावला.

चित्र असे आले की मी चपापलो. बहिणीच्या कपाळावरची गोंदणाची रेघ न् रेघ दिसत होती. ती उशीला टेकून बसली होती, पांघरुणावर दोन्ही हात होते. पत्नीचे डोळे भरून आले आणि तिचे हात सुरू झाले. कितीतरी महिन्यांचे साठलेले ती भराभरा सांगत होती. गल्ली, म्हातारी, कावळा, खांब असे काहीबाही मला ओळखू आले, बाकीचे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. बहीण टक लावून पाहत होती.

मग पत्नीने काहीतरी विचारले असावे. तिचे हात थांबले आणि ती उत्तराची वाट पाहू लागली. बहीण तशीच. पत्नीने फोन हलवला, पुन्हा पाहिले, आणि डबीकडे हात करून माझ्यावर चिडली. पुन्हा अडकले!

‘‘काका, मावशी काय म्हणती?’’ पलीकडून भाच्याने विचारले.

‘‘दिसतंय ना तिकडे सगळं?’’

‘‘एकदम साफ दिसतंय. आईलापण दिसतंय.’’

बहिणीच्या मागे खिडकीचा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. मी पत्नीच्या खांद्याला हात लावून तो तिला दाखवला. तिने पडद्याकडे पाहिले. मग पांघरुणावरच्या हातांकडे पाहिले. बहिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात उठत नव्हता. भाच्यानेच पुढे होऊन ते पुसले.

पत्नीने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले, बोटे किंचित वळवून, बहिणीचे होते तसेच. भाच्याची कामावर जायची वेळ होईपर्यंत दोघी तशाच एकमेकींकडे पाहत बसल्या.