केरबाभाऊंचा पहिला घास

आमचे शेजारी केरबाभाऊ घोरावाडीला रेल्वेत गँगमन होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जेवायची जुनी सवय सुटली नाही. आजूबाजूचे सगळे जेवायला लागले, की मग हे भाकरीला हात लावणार. लहानपणी गावजेवणात बौद्ध वस्तीची पंगत शेवटी बसायची, तीही बाहेरच्या अंगाला. पुढे गँगमध्ये मुकादम आधी. थांबून थांबून थांबणं अंगात मुरलं. याचा मला राग येतो. भाऊंना येत नाही. घरातही पोरं, पाहुणे, मग भाऊ, आणि त्यांच्याही मागून त्यांची बायको सरूबाई, चुलीपाशी.

मुलगा अतुल तळेगावजवळच्या एका कोरियन कंपनीत आहे. ट्रेनिंगला कोरियाला कोणाला धाडायचं, हे त्याचे यून साहेब ठरवणार होते. त्याच सुमारास साहेबांनी त्याला आईवडिलांसकट जेवायला बोलावलं, हायवेवरच्या भारी कोरियन हॉटेलात. तिथली खासियत डुकराचं मटण. सरूबाईंनी ऐकूनच नाकाला पदर लावला, त्या काही आल्या नाहीत.

"गँगमधी खाल्लंय मी," भाऊ म्हणाले. "त्यात काय."

ज्या मटणाचं नाव काढलं की गाव नाक मुरडायचं, ते खायला आता लोक फोन करून टेबल धरतात.

वाटेत अतुलने बजावलं, "आबा, साहेबांनी सुरुवात केल्याशिवाय कशाला हात लावू नका. त्यांच्यात सीनियरच्या आधी खाणं म्हणजे अपमान."

"मला शिकवतुस व्हय ह्ये?"

टेबलाच्या मधोमध शेगडी, वर धूर ओढणारं नळकांडं. एक मुलगी चिमट्याने मटणाचे लांब पट्टे जाळीवर टाकत होती आणि भाजले की चक्क कात्रीने कापत होती. भोवती वाट्याच वाट्या, हिरवी पानं, लसूण, लाल चटणी. तुकडे तयार झाले. साहेबांनी हात पुढे करून भाऊंना खुणावलं. भाऊंनी हात जोडून साहेबांना खुणावलं. पुन्हा तेच. मुलीने तुकडे कडेला सरकवले, तरी करपायला लागले. अतुलला घाम फुटला. भाऊ मांडीवर हात ठेवून ढिम्म.

शेवटी साहेब अतुलच्या कानाशी वाकून काही बोलले. अतुलचा चेहरा उतरला.

"आबा, तुम्ही उचला."

"आन् सायेब?"

"ते तुमच्यासाठी थांबलेत. वयाने सगळ्यांत मोठं माणूस आधी खातं, मग बाकीचे, अशी रीत आहे त्यांची. चूक माझी झाली."

भाऊ साहेबांकडे बघत राहिले. आपल्यासाठी कोणी थांबलंय, हे त्यांनी सत्तरीत पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी एक काळा पडलेला तुकडा उचलला, हातानेच. मग साहेबांनी काड्या उचलल्या. भाऊंचे डोळे भरून आले. मुलीला वाटलं, धूर लागला. तिने नळकांडं खाली ओढलं.

अतुल पुढे कोरियाला जाऊन आला. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं. सरूबाईंनी भाऊंना ताट वाढलं आणि विचारलं, "कसं हुतं मटण?"

"करपलं हुतं."

भाऊ हात धुऊन बसले, पण जेवेनात.

"का वो? काय झालं?"

"तुजं ताट कुटंय?"

"मी खाईन की मागनं. भाकर गार व्हतीय, खावा."

"हुं दे गार. आदी तू उचल."

भाकरी खरंच गार झाली, तेव्हा कुठे सरूबाईंनी ताट घेतलं.