हरभऱ्यात पाय न टाकता मोजणी

मंडळी, आज नायगावजवळ कालव्याच्या ड्रोन मोजणीला गेले होते. शेताच्या मालकीण गयाबाई वाटेत आडव्याच आल्या.

"मागच्या बारीला मोजणीवाले चुन्याच्या खुणा करायला आले अन् सारा हरभरा तुडवून गेले. आता न्हाई!"

"मावशी, आता फोटो जुळवायला जमिनीवर खुणा लागत न्हाईत, शेतात शिरायचं कामच न्हाई. प्रत्येक फोटोच्या वेळी ड्रोन कुठं होता, कॅमेरा किती कलला होता, हे आतलं यंत्रच टिपतं."

"वाऱ्यानं हलला तर?"

"तेबी टिपतं."

रस्त्यावरूनच ड्रोन उडवला. तासाभरानं लॅपटॉपवर बघून त्यांच्या विहिरीपासून रस्त्यापर्यंतचं अंतर सांगितलं अन् टेप त्यांच्याच हाती दिला. त्यांनी मोजलं, तर फरक फक्त दोन बोटांचा!

गयाबाईंनी लगेच शेजारणीला हाक मारली, "उडवू दे गं यांना, पिकाला धक्का न्हाई!"

नव्या यंत्रानं तुमच्या कामात असा कुणाचा विश्वास परत मिळवून दिलाय का?